मराठी प्रकल्पातली उचलेगिरी कशी सापडते : तपासणीच्या टेबलावरून

साम्य शून्य टक्के, असा साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल आला की तो प्रकल्प आम्ही गठ्ठ्यातून सगळ्यात आधी बाहेर काढतो. एम.ए.च्या साठ-सत्तर पानी मराठी प्रकल्पात साम्य शून्य येणं जवळजवळ अशक्यच. त्यात अभंग असतात, व्याख्या असतात, पुस्तकांची आणि सरकारी योजनांची नावं असतात, प्रतिज्ञापत्राचा ठरीव मजकूर असतो. यातलं काहीतरी कुठेतरी जुळायलाच हवं. काहीच जुळलं नाही, तर बहुतेक वेळा यंत्राला मजकूर वाचताच आलेला नसतो.

याचं मूळ फॉन्टमध्ये असतं. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधला सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाईलच्या पोटात रोमन अक्षरांचे कोड असतात. कृतिदेवमध्ये टाईप केलेला ‘काम’ हा शब्द उचलून नोटपॅडमध्ये टाकला की डी, के, ई ही तीन रोमन अक्षरं दिसतात. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर तीच अक्षरं वाचतं आणि ती इंटरनेटवरच्या युनिकोड (म्हणजे देवनागरीचे स्वतःचे कोड असलेल्या) मराठीशी ताडून बघतं. जुळणार काय? आख्खं प्रकरण विश्वकोशातून उतरवलेलं असलं तरी अहवाल स्वच्छ येतो. म्हणून प्रकल्प हातात आल्यावर पहिलं काम हेच : मधल्या कुठल्याही पानावरचा एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. मराठी दिसली तर पुढे जायचं. रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर फाईल परत द्यायची किंवा कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यायची. कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडवतो, कारण जुन्या फॉन्टांत या खुणा टाईप करण्याचा क्रम युनिकोडपेक्षा वेगळा असतो. रूपांतरानंतर ‘कार्य’, ‘स्थिती’, ‘व्यक्ती’ असे दहा-बारा शब्द शोधून नीट उतरलेत का बघावं, मगच फाईल सॉफ्टवेअरला द्यावी.

नुसत्या पीडीएफवर भागवू नये. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमधूनही मजकूर बाहेर काढताना वेलांट्या सरकतात आणि ‘विद्यार्थी’चा ‘िवद्यार्थी’ होतो. माणसाला तो वाचता येतो, यंत्राला तो वेगळा शब्द वाटतो. म्हणून वर्ड फाईल आणि पीडीएफ दोन्ही मागायच्या आणि दोन्हींत मजकूर एकच आहे ना, हे तीन-चार पानांवर पडताळायचं.

वर्ड फाईल उघडली की शब्दसंख्या बघायची. ए-फोर कागद, १४ पॉइंट, दीड ओळीचं अंतर असेल तर मराठीचे साधारण २५० ते ३०० शब्द पानावर बसतात. साठ पानांची फाईल आणि शब्द नऊ हजार, असं असेल तर उरलेला मजकूर कुठे गेला ते शोधावं लागतं. तो बऱ्याचदा चित्र म्हणून चिकटवलेला असतो. पुस्तकाच्या पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट यंत्राला बहुधा वाचता येत नाही. सगळा मजकूर निवडून त्याचा रंग काळा करून बघणं हे अर्ध्या मिनिटाचं काम. पांढऱ्या अक्षरांत लपवलेला मजकूर असेल तर तो वर येतो.

इथे नियमांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांचा अर्थ लावताना महाविद्यालयांत सर्रास गोंधळ होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यासंबंधीचे विनियम २०१८ चे आहेत. प्रबंध आणि लघुप्रबंध यांच्यासाठी त्यांत पायऱ्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० च्या वर ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० च्या वर ६० पर्यंत एक वर्ष सादर करण्याची मनाई, ६० च्या वर नोंदणी रद्द. पण याच विनियमांच्या व्याख्येत असाइनमेंट, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, कोर्सवर्क आणि उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. म्हणजे एम.ए.च्या प्रकल्प अहवालावर ‘दहा टक्क्यांच्या आत आहे, पास’ असा शेरा मारणाऱ्याला त्या विनियमांचा आधार नसतो. विद्यापीठाचा किंवा महाविद्यालयाचा स्वतःचा नियम असेल तर तो लागतो. नसेल तर विभागाने तो वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला हवा. मार्चमध्ये तपासताना नियम ठरवणं हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे, असं आमचं ठाम मत आहे.

विनियमांमधल्या दोन गोष्टी मात्र प्रकल्पांनाही लावाव्यात अशा आहेत. एक, साम्य मोजताना काय वगळायचं : श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, सर्वसामान्य संज्ञा. दोन, योगायोगाने किंवा सर्वसामान्य ज्ञान म्हणून जुळणाऱ्या शब्दांसाठी सलग १४ शब्दांपर्यंतची सूट. हा चौदाचा आकडा इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त सैल पडतो. इंग्रजीत जे चार सुटे शब्द लागतात, ते मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून एकाच शब्दात मावतात. सलग चौदा मराठी शब्द म्हणजे चांगलं लांब वाक्य. आम्ही सलग आठ शब्द जुळले की थांबून बघतो.

बहुतेक विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळालं ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं जाळं सांभाळणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून. २०१९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा उर्कुंड होतं, पुढे ड्रिलबिट आलं. नाव कुठलंही असो, फाईल देण्याआधी वगळायचा भाग स्वतः कापून टाकावा. ‘संदर्भसूची’ किंवा ‘आधारग्रंथ’ हा मथळा यंत्र ओळखेलच याचा भरवसा नाही. अवतरणं वगळण्याची सोय दुहेरी अवतरणचिन्हांवर चालते, आणि मराठीत कवितेचा उतारा बहुधा चिन्हांशिवाय आत सरकवून छापतात. त्यामुळे संतसाहित्यावरच्या प्रामाणिक प्रकल्पाला तीस टक्के आणि चोरलेल्या प्रकल्पाला सहा टक्के, असा उलटा निकाल सहज लागतो.

अहवाल वाचताना वरची टक्केवारी झाकून ठेवावी, निदान पहिल्या वाचनात. आधी साम्याचे ठिपके कुठे पडलेत ते बघायचं. बारा स्रोतांशी एकेक टक्का विखुरलेलं साम्य आणि निष्कर्षाच्या प्रकरणात एकाच स्रोताशी सलग दीड पान जुळलेलं साम्य, यांत पहिलं बारा टक्के आहे आणि दुसरं जेमतेम तीन. गंभीर दुसरं आहे. पहिल्या प्रकरणातली लेखकाची चरित्रमाहिती उचललेली असेल तर तो संदर्भ न देण्याचा दोष. निष्कर्ष उचललेले असतील तर प्रकल्प झालेलाच नाही.

यानंतरचं काम यंत्राच्या आवाक्याबाहेरचं असतं आणि बहुतांश चोऱ्या तिथेच सापडतात. मराठी प्रकल्पांतला मजकूर येतो कुठून? मराठी विकिपीडिया आणि विश्वकोशातून येतो, तो सापडतो. मुक्त विद्यापीठाच्या आणि दूरशिक्षण केंद्रांच्या स्वयंअध्ययन पुस्तकांतून येतो, तो निम्मा सापडतो. छापील समीक्षाग्रंथांतून, दिवाळी अंकांतल्या लेखांतून, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या नुसत्या स्कॅन केलेल्या प्रबंधांतून येतो, तो बहुधा सापडत नाही. आणि शेजारच्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी सादर झालेल्या प्रकल्पातून, डीटीपीच्या दुकानातल्या संगणकावर राहिलेल्या फाईलमधून येतो, तो कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडणार नाही, कारण तो इंटरनेटवर कधी गेलेलाच नसतो.

इथे डोळे लागतात. परिच्छेदागणिक शुद्धलेखन बदलतंय का, हे बघायचं. एका पानावर ‘अतः’ला खरा विसर्ग आहे आणि पुढच्या पानावर विसर्गाच्या जागी कोलन टाईप केलाय. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हेने टाईप होतो : नुक्त्याचा ऱ वापरून किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण वर्डच्या ‘फाइंड’मध्ये एक रूप शोधलं की दुसरं बहुधा सापडत नाही. प्रकरण दोनमध्ये सगळे एका जातीचे आणि प्रकरण तीनमध्ये सगळे दुसऱ्या जातीचे निघाले, तर ती दोन प्रकरणं दोन वेगळ्या कळफलकांवर टाईप झालेली आहेत. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ यांचंही तसंच. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की त्याचा कोड दिसतो, तेवढ्यावर फरक कळतो. मात्र हा पुरावा नव्हे. अर्धा प्रकल्प फोनवर आणि अर्धा दुकानात टाईप करून घेणाऱ्याच्या फाईलमध्येही अशीच सरमिसळ असते. कुठे खणायचं एवढंच या खुणेवरून ठरतं.

विकिपीडियावरून उचललेल्या मजकुरात चौकटी कंसातले [२], [३] राहून जातात, मथळ्याशेजारचा ‘संपादन’ हा शब्दही कधी कधी तसाच येतो. विश्वकोशाची नोंद असेल तर ‘पहा :’ किंवा संदर्भाच्या बाणाची खूण, आणि नावापुढे कंसात पूर्ण जन्म-मृत्यू तारखा. अण्णा भाऊ साठ्यांवरच्या प्रकल्पात ‘(१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९)’ अशी नेटकी मांडणी आली आणि बाकी सगळ्या लेखकांची नुसती सालंसुद्धा नसली, की तो परिच्छेद आधी तपासावा. वर्डमधली परिच्छेदखूण चालू केली की वेबपानावरून आलेल्या ओळींच्या शेवटी वाकडा बाण दिसतो. स्वतः टाईप करणारा तो सहसा वापरत नाही.

जुन्या पुस्तकांचा माग अनुस्वारांवरून लागतो. १९६२ च्या लेखननियमांनी ‘नाहीं’, ‘केलें’ यांसारख्या रूपांवरचे पुष्कळ अनुस्वार गेले. विद्यार्थी जुनं पुस्तक उतरवताना ते गाळत जातो, पण चाळीस ओळींत दोन-तीन राहतातच. आजच्या भाषेत चाललेल्या परिच्छेदात मध्येच ‘नाहीं’ दिसलं की आम्ही विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीतली जुनी पुस्तकं कपाटातून काढतो. बहुधा त्यांतच सापडतं. कधी कधी नेमकं तेच पुस्तक सूचीतून वगळलेलं असतं. मग त्या विषयावरची ग्रंथालयातली सगळी जुनी पुस्तकं चाळावी लागतात. त्यात एक दुपार जाते, आणि ती घालवावी.

हिंदीतून केलेली उचल शब्दांवरून कळते. ‘स्त्रीशिक्षा’ हा शब्द मराठी प्रकल्पात आला तर मूळ हिंदी आहे, कारण मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मुलाखतीला ‘साक्षात्कार’, कादंबरीला ‘उपन्यास’, प्रयत्नाला ‘चेष्टा’, चरित्राला ‘जीवनी’ म्हणणारा मजकूर यंत्राने किंवा घाईने अनुवादलेला असतो. इंग्रजीतून आलेल्या मजकुरात ‘या कागदात लेखक असा युक्तिवाद करतो’ असं वाक्य भेटतं. तो कागद म्हणजे मूळचा शोधनिबंध. अनुवादित चोरीला सॉफ्टवेअर बहुधा शून्य देतं. संशयास्पद परिच्छेदातली विशेषनामं, साल आणि दोन दुर्मीळ संज्ञा घेऊन हिंदी-इंग्रजीत शोध घेतला की मूळ लेख बऱ्याचदा पहिल्या पानावर येतो.

शोध घेण्याचीही एक रीत आहे. आख्खं वाक्य टाकू नये. प्रत्यय बदलून ‘समाजाने’चं ‘समाजाकडून’ केलेलं असतं, तेवढ्याने जुळणी तुटते. वाक्यातले सगळ्यात वेगळे पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत टाकावेत, शक्यतो क्रियापद सोडून, कारण सगळ्यात आधी क्रियापद बदललं जातं. नाही सापडलं तर शब्द कमी करत जावं, मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघावं.

सर्वेक्षणाच्या प्रकल्पांत शब्द बाजूला ठेवून आधी तक्ते तपासावेत. प्रतिसादक ५० असतील तर प्रत्येक माणूस दोन टक्क्यांचा. मग तक्त्यात ४७ टक्के येऊच शकत नाहीत. ४६ येतील किंवा ४८. प्रतिसादक ४० असतील तर सगळे आकडे अडीचच्या पटीत हवेत. दुसऱ्या प्रकल्पातला तक्ता उचलून वरती फक्त प्रतिसादकांची संख्या बदलली असेल, तर हा हिशेब दोन मिनिटांत ते दाखवतो. म्हणून भरलेल्या प्रश्नावल्यांचा मूळ गठ्ठा प्रकल्पासोबत मागायचाच. पन्नास प्रश्नावल्या एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेल्या दिसल्या तर ते वाङ्मयचौर्य नाही, पण त्याहून वाईट आहे.

तळटीपाही बोलतात. प्रकरणाची पहिलीच टीप ‘तत्रैव, पृ. ४७’ (तत्रैव म्हणजे आधीच्या टीपेतल्याच ग्रंथात) अशी असेल, तर तिच्या आधीची टीप दुसऱ्या कुणाच्या तरी ग्रंथात राहिली आहे. १९३५ ची पहिली आवृत्ती संदर्भ म्हणून दिली आहे आणि ती पंचक्रोशीतल्या कुठल्याच ग्रंथालयात नाही, तर विद्यार्थ्याला साधा प्रश्न विचारावा : पुस्तक कुठे पाहिलंत? बहुतेक जण खरं सांगतात, की अमुक समीक्षकाच्या पुस्तकात तो उतारा होता. मग त्या समीक्षकाचा संदर्भ द्यायला शिकवावं. ही चोरी नसते, पद्धत माहीत नसते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले प्रकल्प येतात. त्यांच्यातही साम्य शून्याच्या आसपास असतं. मराठी मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे सांगणाऱ्या साधनांच्या टक्केवारीवर आम्ही कुणावरही कारवाई करत नाही आणि कुणी करूही नये. प्रमाण, औपचारिक मराठी नेटकेपणाने लिहिणारा विद्यार्थी त्यात नाहक सापडतो. त्यापेक्षा संदर्भसूची तपासावी. लेखक खरा, प्रकाशक खरा, पण त्या लेखकाने त्या नावाचं पुस्तक कधी लिहिलेलंच नाही, असे संदर्भ हमखास निघतात. ग्रंथालयाच्या तालिकेत, प्रकाशकाच्या सूचीत पाच संदर्भ पडताळावेत. त्यांतले दोन अस्तित्वातच नसतील तर बोलायला पुरेसं आहे.

मग विद्यार्थ्याशी बोलणं. त्याआधी दोन रकान्यांचा कागद तयार करायचा : डावीकडे प्रकल्पातला मजकूर पानक्रमांकासह, उजवीकडे मूळ मजकूर पुस्तकाच्या पानासह, जुळणारे शब्द अधोरेखित. टक्केवारीचा अहवाल विद्यार्थ्यासमोर ठेवू नये. त्यावरून वाद आकड्याचा होतो. समोर दोन शिक्षक असावेत, मार्गदर्शक त्यांत नसलेला बरा, आणि हे वर्गात किंवा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत कधीच करू नये. सुरुवात आरोपाने न करता विषयाने करावी. ‘या प्रकरणात तुम्ही “अनुभवाची प्रामाणिकता” म्हणता, ते या कथेत कुठे दिसतं, सांगा’, असं विचारलं की ज्याने लिहिलंय तो चुकत-माकत का होईना बोलायला लागतो. ज्याने उतरवलंय त्याला आपल्याच प्रकल्पातला शब्द परका वाटतो. मग कागद पुढे करायचा आणि गप्प राहायचं.

आमच्याकडे येणाऱ्या मुला-मुलींपैकी पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर असतात. शाळेपासून त्यांना प्रकल्प म्हणजे पुस्तकातून उतरवून, चित्रं चिकटवून, रंगीत पुठ्ठ्यात बांधून द्यायची वस्तू, हेच शिकवलं गेलं आहे, आणि त्यासाठी गुणही मिळाले आहेत. एम.ए.ला आल्यावर अचानक त्याच कामाला चोरी म्हणायचं, तर आधी कुणीतरी फरक शिकवलेला असला पाहिजे. म्हणून आमच्या नोंदीत एक रकाना असतो : संदर्भ कसा द्यायचा हे या विद्यार्थ्याला कुणी, कोणत्या तारखेला शिकवलं. तो रकाना कोरा असेल तर पहिल्या वेळी आम्ही प्रकल्प सुधारायला परत देतो, शिक्षा करत नाही. दुकानातून विकत आणलेला किंवा पूर्ण दुसऱ्याचा प्रकल्प असेल तर ही सवलत नाही. तिथे न कळण्यासारखं काही नसतं.

परत दिलेला प्रकल्प पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा तपासणी नव्याने करायची. पहिली आणि दुसरी फाईल वर्डच्या ‘रिव्ह्यू’मधल्या ‘कंपेअर’ला लावली की बदललेला प्रत्येक शब्द लाल दिसतो. लाल रंग नुसता शब्दांवर शिंपडलेला असेल, ‘महत्त्वपूर्ण’चं ‘महत्त्वाचं’ आणि ‘लेखकाने’चं ‘साहित्यिकाने’ एवढंच झालं असेल, वाक्यांचा क्रम आणि युक्तिवाद तोच असेल, तर सॉफ्टवेअरचा आकडा चाळीसवरून चारवर आलेला असतो आणि प्रकल्प मात्र जागचा हललेला नसतो. तो पुन्हा परत जातो, आणि सोबत आम्ही एक परिच्छेद कसा सुधारायचा ते हाताने लिहून देतो : मूळ लेखकाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला, त्याचं म्हणणं दोन ओळींत, पान क्रमांक, आणि त्याखाली विद्यार्थ्याला ते पटतं की नाही आणि का, यासाठी सोडलेली मोकळी जागा. स्वीकारलेला प्रकल्प युनिकोड वर्ड फाईल म्हणून, वर्ष आणि विषय नावात घालून, विभागाच्या संगणकावर ठेवायचा. पुढच्या वर्षीचा गठ्ठा आला की आम्ही आधी याच फाईलींमध्ये शोध घेतो, सॉफ्टवेअर त्यानंतर उघडतो.